कोटाच्या आतली खूण

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बिब्ब्याचं झाड नवीन नाही. साखरशेतासारख्या गावात बिब्बा उतला की काय होतं, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. कातडी भाजून काढणारा त्याचा काळा रस कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही. म्हणूनच परीट या रसात चुना घालून कपड्यांवर खुणा करत. पलटणीचे शेकडो खाकी सदरे एका भट्टीत धुतले, तरी ज्याचा सदरा त्याला परत जायचा तो या खुणेमुळे. कॉलरच्या आत किंवा कमरपट्टीच्या पाठीमागे दोन रेघा, एक टिंब, कधी एखादा आकडा, एवढीच ती खूण असे. कोट कुणाचा, हे शोधणारा जाणकार ती आवर्जून पाहतो.

जुन्या लष्करी गणवेशाचा मूळ धनी शोधणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. तिचा पहिला नियम असा, की कोटाची बाहेरची बाजू पलटण सांगते आणि आतली बाजू माणूस सांगते.

बाहेरून सुरुवात करू. खांद्यावर पितळी अक्षरं असतात, त्यांना शोल्डर टायटल म्हणतात. 1903 साली भारतीय लष्कराच्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा मराठ्यांच्या वाट्याला 103, 105, 110, 114, 116 आणि 117 हे आकडे आले. 1922 मध्ये या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. म्हणजे खांद्यावर 110 दिसलं तर तो माणूस 1903 ते 1922 याच काळातला. एका आकड्याने शोध वीस वर्षांच्या आत येतो. महार रेजिमेंटचंही तसंच. 111वी महार पलटण पहिल्या महायुद्धात उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. 1941 साली बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. तिच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. स्तंभाचा बिल्ला हाती लागला तर काळ आपोआप ठरतो.

मग गुंड्या. गुंडीवर मुकुट असेल तर राजवट इंग्रजांची, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकानंतरची. मुकुटाचा आकारही पाहायचा, कारण 1901 पूर्वीचा राणी व्हिक्टोरियाचा मुकुट आणि नंतरच्या राजांचा मुकुट वेगळे दिसतात. गुंडी उलटी केली की कारखान्याचं नाव वाचता येतं. मात्र गुंड्या बदलता येतात, हे विसरू नये. एका गुंडीवरून निकाल देणारा फसतो. सगळ्या गुंड्या एका वयाच्या आहेत का, दोरा मूळचा आहे का, हे पाहावं लागतं.

छातीवरच्या फितींची पट्टी हे सर्वांत बोलकं पान. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक फिती एकेका रणभूमीची साक्ष आहेत. हिरवी, पांढरी आणि लाल फीत इटलीची. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा आणि बाजूंना गडद व फिकट निळ्या रेघा आफ्रिकेच्या. पाचवी मराठाची तिसरी बटालियन एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात लढली, नंतर इटलीत गेली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी झुंजली. मराठा पलटणीच्या कोटावर आफ्रिका आणि इटली या दोन्ही फिती शेजारी असतील तर तिसऱ्या बटालियनकडे आधी पाहायचं. ब्रह्मदेशाची फीत असेल तर चौथीकडे. पट्टीवरून माणूस मिळत नाही, पण त्याची वाट मिळते.

नाव मिळतं ते पदकाच्या कडेवर. इथे भारतीय कुटुंबांना एक मोठा फायदा आहे. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांची स्टार आणि वॉर मेडलं बिननावाची दिली गेली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. भिंग घेऊन कडेवरून सावकाश फिरत जायचं. इंग्रजी अक्षरांत कोरलेलं नाव कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं असतं, त्यामुळे पवारचं पोवार झालेलं दिसेल. बापाचं नाव नसतं, गावही नसतं. म्हणून नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. तोही एकटा चालत नाही, कारण तोच आकडा दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असू शकतो. क्रमांक आणि पलटण अशी जोडी हवी.

पदकाचा धातूही पाहावा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळे. मजुरांच्या तुकड्यांतून गेलेल्यांना तेच ब्राँझचं मिळालं. घरात ब्राँझचं पदक असेल तर आजोबा बंदूक घेऊन गेले नसतील, रस्ते बांधायला किंवा माल वाहायला गेले असतील. त्यात कमीपणा काही नाही. त्यांचीही नोंद शोधण्याजोगी आहे, आणि तीच बहुधा कुणी शोधलेली नसते.

आता कोट उलटा करायचा. अधिकारी आपला गणवेश पदरच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घेत. आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असे, तिच्यावर मालकाचं नाव आणि तारीख लिहिलेली. अशा कोटाचा धनी जुन्या आर्मी लिस्टमध्ये थोड्या वेळात सापडतो. साध्या शिपायाचा कपडा सरकारी. त्यावर माप, साल, ठेकेदाराचा शिक्का आणि भारत सरकारचा बाण असतो. तो कपडा एकाकडून दुसऱ्याकडे जाई, म्हणून एकाच सदऱ्यात दोन क्रमांक दिसतात, एक खोडलेला आणि एक नवा. शेवटचा क्रमांक शेवटच्या धन्याचा. परटाची खूण त्या क्रमांकाच्या शेजारी असेल तर दोन्ही एकत्र वाचायचे.

जव्हारकडच्या घरात असा कपडा निघाला तर एक प्रश्न आधी विचारावा: हा लष्करी आहे का? जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, ते 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. पोलीस आणि जंगल खात्याचे रखवालदारही खाकीच घालत. बिल्ला नसलेल्या खाकी कोटाला रणांगणाची कथा चिकटवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. खोटा नायक तयार केला की खरा रखवालदार हरवतो.

क्रमांक हाती आला की पुढची पायरी पलटणीच्या अभिलेख कार्यालयाची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. भरतीच्या वेळी प्रत्येक शिपायाचा शीट रोल तयार होई. त्यात बापाचं नाव, गाव, तालुका आणि वारस लिहिलेले असत. युद्धात कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आहेत. त्यांतली काही फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर कोरलेली आहेत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके कामी आले, एवढंच तिच्यावर असतं. संख्या आहे, नाव नाही. त्या संख्येला नाव देण्याचं काम कोटातली खूण करू शकते.

आणि इथेच घात होतो. कोट एकाला विकला जातो, पदकं दुसऱ्याला, डिस्चार्जचं पुस्तक रद्दीत जातं. तिन्ही वस्तू एकत्र असताना बोलत होत्या, वेगळ्या झाल्या की मुक्या होतात. दिवाळीच्या साफसफाईत कोट धुतला, बिल्ले घासून लख्ख केले की उरलासुरला पुरावाही जातो. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. पण घराबाहेर जाण्यापासून तिला फक्त घरचेच वाचवू शकतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या ट्रंकेत असा कपडा असेल तर तो धुऊ नका, इस्त्री करू नका. आतल्या प्रत्येक खुणेचा आणि पदकाच्या कडेचा उजेडात फोटो काढा. पदकं, कागद आणि कोट एकाच ठिकाणी ठेवा. आजीला किंवा थोरल्या काकांना आजच विचारा, हा कुणाचा, तो कुठे गेला होता, परत कधी आला, आणि जे सांगतील ते तारखेसकट लिहून कोटाच्या खिशात ठेवा.