विश्लेषण : आडनाव तुमचे, पण डोमेन कोणाचे?

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जा, नाहीतर शहापूरहून माहुली गडाकडे वळा. फार्महाऊस, ढाबे, रोपवाटिका यांच्या पाट्यांवर आडनावे भरपूर दिसतात. ‘पाटील फार्म’ अशा दहा पाट्या एका तालुक्यात लागल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही. इंटरनेटवर मात्र ‘पाटील डॉट इन’ हा पत्ता एकच असू शकतो. मग उरलेल्या पाटलांनी काय करायचे?

सातबारा नव्हे, भाडेपट्टा

डोमेन ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलेले असते. मुदत संपण्याआधी नूतनीकरण केले नाही, तर ते दुसऱ्याला मिळू शकते. ‘डॉट इन’ आणि देवनागरी ‘डॉट भारत’ यांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते. नियम साधा आहे : जो आधी येईल, त्याला नाव मिळेल. ते आडनाव खरेच तुमचे आहे का, हे नोंदणीच्या वेळी कोणी तपासत नाही. शिवाय पाटील हे मुळात गावकीचे पद आणि शहापूरकर म्हणजे शहापूरचा. अशा नावांवर एकाच घराने हक्क सांगणे तसेही अवघडच. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमी-जास्त झाला की तो वेगळाच पत्ता होतो.

तक्रार कशी चालते?

‘डॉट इन’साठी निक्सीचे स्वतंत्र तंटा निवारण धोरण आहे आणि निवाडा लवाद करतो. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डोमेन आपल्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतके मिळतेजुळते आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे. ‘डॉट कॉम’मध्ये नोंदणी आणि वापर या दोन्हींत वाईट हेतू दाखवावा लागतो, ‘डॉट इन’मध्ये दोन्हींपैकी एक पुरतो. ‘डॉट कॉम’ची तक्रार जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे नेली, तर एका पंचासाठी किमान दीड हजार डॉलर मोजावे लागतात. मुरबाडच्या रोपवाटिकेला हे परवडणारे नाही, हे उघड आहे.

आडनाव खरे कामी येते ते बचावात. ‘लोक मला याच नावाने ओळखतात’ हे दाखवता आले, तर ट्रेडमार्क नसतानाही रास्त हक्क मानला जातो. कॅनडातील ए. आर. मणी यांनी आद्याक्षरे आणि आडनाव जोडून ‘अरमानी डॉट कॉम’ घेतले होते. इटलीच्या अरमानी फॅशन ब्रँडने त्याविरुद्ध तक्रार केली, पण 2001 मध्ये निकाल मणींच्या बाजूने लागला. अमेरिकेतील संगणक व्यावसायिक उझी निसान यांनी 1994 मध्ये ‘निसान डॉट कॉम’ नोंदवले. 1999 मध्ये मोटार कंपनीने दावा लावला. डोमेन निसान यांच्याकडेच राहिले, पण कोर्टकचेरीत वर्षे गेली.

भारतीय न्यायालये काय म्हणतात?

ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 35 नुसार स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्यापासून कोणाला रोखता येत नाही. दिल्लीतील सराफी व्यवसायातल्या राक्यान कुटुंबीयांच्या वादात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला.

पण ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावरच सगळे अडते. बजाज आडनावाच्या एका व्यावसायिकाने पंजाबात ‘अपना बजाज स्टोअर’ नावाने विद्युत उपकरणांची दुकाने आणि त्याच नावाची वेबसाइट चालवली. बजाज इलेक्ट्रिकल्सच्या दाव्यावर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. आडनाव खरे असले, तरी त्याच धंद्यात त्या नावाचा मोठा ब्रँड आधीपासून असेल, तर बचाव दुबळा होतो.

वाद सख्ख्या भावांतही होतो. ठाणे जिल्ह्यात पलावा उभारणाऱ्या मॅक्रोटेकचे अभिषेक लोढा आणि धाकटे बंधू अभिनंदन यांचा ‘लोढा’ नावावरचा वाद 2025 मध्ये उच्च न्यायालयात गेला आणि एप्रिलमध्ये मध्यस्थीने मिटला. ‘लोढा’ आणि ‘लोढा ग्रुप’ ही नावे मॅक्रोटेककडे राहिली, तर ‘हाऊस ऑफ अभिनंदन लोढा’ धाकट्या भावाकडे.

गावात काळजी कशाची?

छोट्या व्यावसायिकाला मोठ्या कंपनीपेक्षा स्वतःच्याच ढिलाईचा धोका अधिक. वेबसाइट करून देणारा मुलगा डोमेन अनेकदा आपल्याच ई-मेलवर नोंदवतो. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. म्हणून नोंदणी मालकाच्या नावावर आणि त्याच्याच मोबाइल क्रमांकावर हवी. नुसत्या आडनावाऐवजी गाव किंवा धंदा जोडलेले नाव घेतले, तर ते मिळते सहज आणि वादही कमी होतात. घराच्या वाटण्या होत असतील, तर जमीन, विहीर, ट्रॅक्टरबरोबर डोमेन कोणाकडे जाणार, हेही वाटणीपत्रात लिहून घ्यावे.