लिउ ह : सत्तावीस दिवसांचा सम्राट

चीनच्या हान साम्राज्यात सम्राटाच्या मुलांना प्रांतांची राजपदे दिली जात. राजाला मान व महसूल मिळे. कारभार मात्र राजधानीहून नेमलेले अधिकारी पाहत. हाती पैसा आणि अंगावर जबाबदारी नाही, अशा स्थितीत अनेक राजपुत्र बहकले. आजच्या शानदोंग प्रांतातील छांगयीचा राजा लिउ ह हे त्याचे गाजलेले उदाहरण. वडिलांच्या मृत्यूमुळे तो बालपणीच गादीवर आला. शिकार आणि भरधाव घोडदौड यांचा त्याला नाद होता. अधिकाऱ्यांचे उपदेश वाया जात.

इ.स.पू. ७४ मध्ये सम्राट चाओ निपुत्रिक वारला. खरी सत्ता सेनापती हुओ ग्वांगच्या हाती होती. त्याने लिउ हला राजधानीत बोलावून सम्राट केले आणि २७ दिवसांतच पदच्युत केले. सुतकात मांसाहार, गाणेबजावणे, वाटेत स्त्रिया गाडीत लपवून आणणे, असे आरोप होते.

आता एक आकडा नीट पाहू. 'लिउ हने २७ दिवसांत ११२७ अपराध केले', असे सर्रास सांगितले जाते. म्हणजे दिवसाला सुमारे ४२! 'हानशू' या इतिहासग्रंथात मात्र ही संख्या निरनिराळ्या कचेऱ्यांकडे दूत पाठवून केलेल्या मागण्यांची आहे. नवा सम्राट हुओ ग्वांगला वगळून थेट हुकूम सोडत होता, असाही याचा अर्थ निघतो.

याला आणखी दोन गोष्टी जोडून पाहा. पहिली, लिउ हने सोबत आणलेल्या दोनशेहून अधिक माणसांना ठार करण्यात आले. दुसरी, त्याच्या जागी आलेला सम्राट श्वान सामान्य लोकांत वाढलेला होता. त्याच्यापाशी स्वतःचा दरबार नव्हता.

पुढे लिउ हला दक्षिणेत हायहुनचा सरदार करण्यात आले. इ.स.पू. ५९ मध्ये तो वारला. २०११ साली नानछांगजवळ त्याची कबर सापडली. तिच्यात सोने व सुमारे दहा टन नाणी होतीच. शिवाय बांबूच्या पट्ट्यांवरचे ग्रंथ आणि कन्फ्यूशियसचे चित्रही होते.

यावरून तो सद्गुणी ठरत नाही. कबरीत ग्रंथ असले म्हणजे ते वाचले होते असे नव्हे. पण तो कसा वागला आणि त्याला का काढले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरोपपत्र वाचताना ते कोणी लिहिले आणि त्याचा फायदा कोणाला झाला, हे आधी विचारावे.