फुकटचे खत आणि जमिनीतले जड धातू



शेणखत मिळेना झाले की कोणी 'शहरातला गाळ, फॅक्टरीची राड फुकट टाकून देतो' म्हटल्यावर आपण लगेच होय म्हणतो. पण आधी एवढे वाचा.

नत्र हवेत उडते, पाण्याबरोबर जाते; पालाश पीक उचलते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम हे जड धातू मात्र कुजत नाहीत की उडत नाहीत. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते वरच्या थरालाच चिकटून बसतात. दरसाल थोडे थोडे साठत जातात.

जपानात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम पाटाच्या पाण्याने भातखाचरांत गेले. तो भात खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. तिथल्या सरकारने १९६८ साली हा प्रदूषणाचा रोग असल्याचे मान्य केले. खाचरांची माती दुरुस्त करण्याचे काम २०१२ साली संपले. म्हणजे एक पिढी गेली!

जपान लांब वाटते? आपल्या उमरग्यावरून हैदराबादला जाताना वाटेत पाटणचेरू लागते. तिथल्या कारखान्यांचे सांडपाणी नक्कावागू ओढ्यात गेले. हा ओढा मांजरेला मिळतो, त्याच मांजरेला आपली तेरणाही मिळते. ते पाणी उलटे आपल्याकडे येणार नाही. पण तिथल्या ओढ्याकाठची भातशेती बिघडली, मातीत जड धातू सापडले. १९९० साली प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. भरपाईने रान सुधारते थोडेच?

म्हणून आमचे सांगणे असे :

१) गाळ, राड, सांडपाणी कुठले आहे हे कळल्याशिवाय आणि लेखी तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय रानात घेऊ नका. आपल्या कारखान्याच्या प्रेसमडलाही हाच नियम लावा, अहवाल मागा.

२) खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टच्या एका किलोत जास्तीत जास्त कॅडमियम ५, आर्सेनिक १० व शिसे १०० मिलिग्रॅम चालते. अहवाल या आकड्यांशी ताडून पाहा.

३) नेहमीच्या माती परीक्षणात कॅडमियम, शिसे कळत नाही. शंका असल्यास ती तपासणी वेगळी सांगून करून घ्या.

४) स्फुरद खतातही थोडे कॅडमियम असते. म्हणून माती परीक्षणाप्रमाणेच मात्रा द्या.

लागण आणि खोडवे धरून ऊस रानात दोन-तीन वर्षे राहतो. रान मात्र नातवापर्यंत जायचे आहे. शंका आली तर ट्रॉली बांधावरच थांबवा आणि गट ऑफिसला या. आम्ही स्वतः रानात येऊन नमुना काढून देऊ.