आकाशांतील उडी आणि कानांचें रक्षण

उंचावरून पडण्याचें भय मनुष्याच्या हाडींमाशीं खिळलेलें आहे. पेरूच्या झाडावर चढलेल्या मुलास "आधीं खालीं उतर" म्हणून ओरडणें, हा घरांतील वडील माणसांचा नित्यपाठच असतो. असें असतां चांगलीं शिकलेलीं व मिळवतीं मुलें पदरचे पैसे भरून विमानांत बसतात आणि सुमारें १३,००० फुटांवर त्याच्या उघड्या दारांतून आपण होऊन बाहेर उडी टाकतात, हें पाहून जुन्या मंडळींस अचंबा वाटल्यास नवल नाहीं. या खेळास स्कायडायव्हिंग म्हणतात. तो परक्यांचा म्हणून त्याकडे डोळेझांक करण्याची सोय आतां उरलेली नाहीं. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं थायलंडांत तर त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून उडी घेतली, हें आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्मरणांत असेल. दुबईस किंवा न्यूझीलंडास गेलेली घरांतील तरुण मंडळीही आतां शिक्षकाच्या अंगास पट्ट्यांनीं बांधून घेऊन अशी एक जोडउडी हौसेनें घेऊन येते.

अशी वार्ता घरीं आली कीं आजीबाई देव पाण्यांत ठेवतात, आईच्या घशाखालीं घास उतरत नाहीं आणि वडील छत्री किती मजबूत आहे याची चौकशी करितात. हात, पाय, कंबर, काळीज या सर्वांची काळजी वाहिली जाते. पण कानांची आठवण कोणासही होत नाहीं. वास्तविक मोडलेलें हाड बहुधा सांधतें. कानाच्या आंतील एक भाग मात्र असा आहे कीं, तो एकदां नाश पावला म्हणजे पुन्हां उगवत नाहीं. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या उडींत कानाचे शत्रु दोन आहेत. एक हवेचा दाब आणि दुसरा आवाज. दोघांचे स्वभाव अगदीं निराळे असून, एकास आवरण्याचा उपाय विचार न करितां योजला तर दुसऱ्याचें फावतें. येथेंच पुष्कळांची फसगत होते.

प्रथम दाबाचें पाहूं. आमच्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि श्रोत्रेंद्रिय म्हणजे कर्णशष्कुलीनें मर्यादित झालेलें आकाशच होय, असें प्रतिपादन केलें. आजचें शास्त्र ध्वनीस हवेचें कंपन समजतें, त्यामुळें तो सिद्धांत जसाच्या तसा घेतां येणार नाहीं. तथापि कानांत एक लहानसें आकाश कोंडलेलें आहे, ही कल्पना प्रस्तुत विषयापुरती फार सोयीची आहे. कानाच्या पडद्याच्या आंत खरोखरच हवेची एक इवलीशी खोली आहे. या खोलीची एक अरुंद नळी नाकाच्या मागें घशाच्या वरच्या भागांत उघडते. सोळाव्या शतकांतील युस्ताकी नांवाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानें तिचें वर्णन केल्यावरून तिला त्याचें नांव मिळालें आहे; आपण तिला कंठकर्णनलिका म्हणूं. एरव्हीं ही नळी मिटलेली असते. आपण आवंढा गिळला किंवा जांभई दिली कीं ती क्षणभर उघडते आणि आंतील व बाहेरील हवेचा दाब सारखा होतो.

समुद्रसपाटीवरील हवेचा दाब १०० मानला, तर १३,००० फुटांवर तो सुमारें ६१ भरतो. वर चढतांना खोलींतील जास्त दाबाची हवा नळींतून आपोआप बाहेर निसटते, म्हणून चढतांना फारसा त्रास होत नाहीं. उतरतांना मात्र उलट प्रकार होतो. बाहेरील दाब वाढत जातो, नळीचें मऊ तोंड अधिकच मिटतें आणि पडदा आंत ओढला जातो. मनुष्यास हें दुखणें प्रथम कळलें तें विमानाच्या पुष्कळ आधीं. १ डिसेंबर १७८३ रोजीं पॅरिस येथें प्रोफेसर चार्ल्स यांनीं हायड्रोजन भरलेल्या बलूनांतून सफर केली. सोबती खालीं उतरल्यावर हलकें झालेलें बलून त्यांना एकट्यासच घेऊन झपाट्यानें सुमारें १०,००० फूट उंच गेलें. त्या फेरींत त्यांच्या उजव्या कानांत इतकी तीव्र कळ आली कीं, त्यानंतर त्यांनीं पुन्हां कधीं बलूनांत पाऊल ठेविलें नाहीं.

आतां वेगाचा हिशेब करावा. प्रवासी विमान उतरतांना आंतील हवेचा दाब मिनिटास सुमारें ३०० ते ५०० फूट उतरल्याच्या बेतानें वाढवितात, आणि तेवढ्यानेंही लहान मुलें कान धरून रडतात. उडी टाकणारा मनुष्य छत्री उघडण्यापूर्वीं ताशीं सुमारें १९० किलोमीटर वेगानें पडत असतो. म्हणजे ८,००० फुटांचें अंतर तो मिनिटभराच्या आंतच तोडतो. ज्याची नळी मोकळी आहे त्याचा कान हा फरक बहुधा सहन करितो. ज्यास सर्दी पडसें झालें आहे, त्याची नळी सुजलेली असते. ती वेळेवर उघडत नाहीं. मग कानांत कळ येते, पडद्यामागें पाणी किंवा रक्त सांचतें, आणि कधीं कधीं पडदा फाटतोही. म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा नियम असा कीं, नाक चोंदलेलें असतां उडी घेऊं नये. भरलेले पैसे बुडतील, मित्र हंसतील, सुट्टी फुकट जाईल. तें सर्व सोसावें. नाकांत औषधाचे थेंब घालून वेळ मारून नेणेंही धोक्याचें, कारण त्यांचा गुण नेमका उतरतांनाच ओसरला तर कान अडचणींत सांपडतो.

नाक मोकळें असलें तरी कानास थोडें साह्य करावें लागतें. पडतांना वारंवार आवंढा गिळावा, जबडा हालवावा, जांभई दिल्यासारखें करावें. छत्री उघडून वेग मंदावल्यावर शिक्षकाच्या अनुज्ञेनें नाक चिमटींत धरून आवंढा गिळावा, किंवा तोंड मिटून नाकांत अगदीं हलकेच हवा दाबावी. ही दुसरी युक्ति व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याच्या नांवानें प्रसिद्ध असून, त्याचा कानाविषयींचा ग्रंथ १७०४ सालचा आहे. तींत जोर करूं नये. जोरानें हवा दाबल्यास पडद्यास आणि आंतील नाजूक भागासही इजा होण्याचा संभव असतो.

आतां दुसरा शत्रु, आवाज. आकाशांत शांतता असेल असें खालून पाहणारास वाटतें. छत्री उघडल्यानंतर ती असतेही. परंतु त्यापूर्वीं वारा कानाशीं अशी गर्जना करितो कीं, शेजारच्या माणसाचें ओरडणेंही ऐकूं येत नाहीं. आवाज डेसिबल या मापानें मोजतात. हें माप साध्या बेरजेचें नव्हे. ३ डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, १० वाढले कीं दसपट. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचें संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनें घातलेली मर्यादा अशी आहे: ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत ८ तास, ८८ चा ४ तास, ९४ चा १ तास, १०० चा १५ मिनिटें आणि १०६ चा चार मिनिटांहूनही कमी. पडतांना वाऱ्याचा आवाज १०० च्या पुढें जातो.

यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, जन्मांत एकदां उडी घेणारास मिनिटभराच्या या गर्जनेपासून फारसें भय नाहीं. भय आहे तें हा छंद लागलेल्यास. तो एका दिवसांत चार-पांच उड्या घेतो, आणि प्रत्येक उडीपूर्वीं लहान विमानांत पंधरा-वीस मिनिटें इंजिनाच्या शेजारीं बसतो. समजा, विमानांतील आवाज ९४ डेसिबल आहे. तर पंधरा मिनिटांच्या चार चढणींतच त्या दिवसाचा सर्व शिधा संपला, आणि वाऱ्याचें देणें शिरावर राहिलें. पुनः कानाचें खातें एकच असतें. सकाळीं उडी, वाटेंत भरधाव मोटारसायकल, सायंकाळीं ढोल-ताशाचा सराव आणि रात्रीं कानांत यंत्र घालून गाणीं, हा सर्व खर्च त्याच खात्यावर पडतो.

हा खर्च कोठें होतो तें सांगतों. कानाच्या अगदीं आंत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यांत सुमारें पंधरा हजार केशपेशी असून, ध्वनीचा संदेश मज्जातंतूंस पोंचविण्याचें काम त्यांच्याकडे आहे. पक्ष्यांच्या कानांत या पेशी नष्ट झाल्या तर पुन्हां उगवतात. मनुष्याच्या कानांत उगवत नाहींत. मोठ्या आवाजानें प्रथम बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी जातात. याचा परिणाम आम्हां शिक्षकांस चांगला कळण्यासारखा आहे. स्वर ऐकूं येतात, घोष व्यंजनें ऐकूं येतात. पण श, ष, स हे ऊष्म वर्ण आणि त, थ, फ यांसारखीं अघोष व्यंजनें पुसट होतात. "सात" म्हटलें तर "हात" ऐकूं येतें. शब्द कानीं पडतो, अर्थ हातीं लागत नाहीं. मागच्या बाकावरील ज्या मुलांस मठ्ठ म्हणून हिणवितात, त्यांपैकीं कांहीं केवळ ऐकूं न आल्यामुळें गप्प बसलेलीं असतात, हें आम्हीं वर्गांत पाहिलें आहे.

उडीनंतर कानांत गुणगुण होणें किंवा कान भरल्यासारखे वाटणें, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व पूर्ववत् होणें, हा अनुभव पुष्कळांस येतो. तेवढ्यावरून निर्धास्त राहूं नये. अमेरिकेंत उंदरांवर केलेल्या आणि २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, श्रवणशक्ति वरवर परत आली तरी मज्जातंतूंचे कांहीं सांधे कायमचे तुटलेले होते. गुणगुण थांबली म्हणजे कर्ज फिटलें असें नव्हे.

मग करावें काय? विमानांत चढतांना कानांत फोमचे बोळे घालावे. ते स्वच्छ बोटांनीं वळून बारीक करावे, कानाची पाळी वर व मागें ओढून आंत सरकवावे आणि फुगेपर्यंत धरून ठेवावे. साधा कापूस आवाज फारसा अडवीत नाहीं. उडी टाकतांना मात्र कान घट्ट बंद असूं नये. वर पातळ हवेंत बसविलेला बोळा हवाबंद असेल, तर खालीं येतांना बोळ्याच्या आंतील पोकळींत दाब कमीच राहतो, आणि पडदा बाहेरच्या बाजूस ओढला जातो. आवाजाचा बंदोबस्त करितां करितां दाबाचें संकट ओढवून घेतलें, असा प्रकार होतो. म्हणून उडीपूर्वीं घट्ट बोळे काढावे, किंवा प्रथमपासूनच सूक्ष्म छिद्र असलेले बोळे वापरावे. त्यांतून हवा जाते आणि आवाज कांहींसा अडतो. नित्य उड्या घेणारांनीं कान झांकणारें शिरस्त्राण घ्यावें. त्यांत उंची कळविण्यासाठीं शिटी देणारें यंत्र बसवितात. तें स्पष्ट ऐकूं येईल असें ठेवावें, पण त्याचाच आवाज कानठळ्या बसविणारा ठेवूं नये. या सर्वांत शिक्षकाची सूचना ऐकूं येणें व छत्री वेळेवर उघडणें यांस अग्रमान आहे. प्राण राहिले तरच कान.

आमच्या घरांतून कर्णपूरणाची, म्हणजे कानांत तेल घालण्याची, चाल आहे. प्रेमळ आजीबाईंनीं उडीपूर्वीं किंवा उडीनंतर हा उपचार करूं नये. दुखऱ्या कानाचा पडदा फाटलेला असल्यास तेलानें अपाय होतो. कानांतून रक्त आलें, घेरी येऊं लागली, किंवा एका कानानें अकस्मात् ऐकूं येईनासें झालें, तर त्याच दिवशीं कानाच्या डॉक्टरांकडे जावें. अशा बहिरेपणावर उपचार जितका लवकर तितका गुण अधिक. नुसता दडा बसला असेल तरी तो दोन दिवसांत न सुटल्यास दाखवावें, आणि कान बरा होईपर्यंत पुन्हां उडी घेऊं नये.

एकत्र कुटुंबांत बहिरेपणाचें दुःख विशेष असतें. अंध मनुष्याचा हात कोणीही धरतो; बहिऱ्यास मात्र तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगण्यास कोणी राजी नसतें. हळूहळू त्यास सांगणेंच बंद होतें. भरल्या पंगतींत विनोद होतो, सर्व हंसतात, आणि तो इतरांचीं तोंडें पाहून उशीरानें हंसतो. असा एखादा वृद्ध बहुतेक घरांत असतो. त्याचे कान वयानें गेले, त्यास इलाज नव्हता. पंचविशीच्या मुलाचे कान हौसेपायीं जाऊं नयेत, यास इलाज आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंति आहे कीं, मुलें उडीची गोष्ट काढतील तेव्हां एकदम नाहीं म्हणूं नये. तसें केल्यास तीं न सांगतां जातील. त्यांस एवढेंच विचारावें: "सर्दी नाहीं ना? कानांचे बोळे घेतलेस का? खालीं येतांना आवंढा गिळण्याचें लक्षांत आहे ना? आणि त्या रात्रीं कानांस विश्रांति देशील ना?" या चार प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं, तर खुशाल आशीर्वाद द्यावा.