वेग बदलताना ओझं कोण धरतं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत साचा बंद करण्याचं काम पाहिलं, की हॉईस्टला दोन वेग का लागतात हे वेगळं सांगावं लागत नाही. वाळूच्या साच्याची खालची पेटी जमिनीवर मांडलेली असते, तिच्यात कोअर बसवलेले असतात आणि वरची पेटी क्रेनच्या हुकाला टांगून तिच्यावर उतरवायची असते. उचलण्यात वेळ घालवून चालत नाही, पण शेवटच्या चार बोटांत पेटी अलगद बसली नाही तर वाळू ढासळते, कोअर तुटतो आणि कास्टिंग भंगारात जातं. घाई आणि अलगदपणा, दोन्ही एकाच यंत्राकडून हवे असतात. ते साधणारी यंत्रणा गिअरबॉक्सच्या झाकणाआड असल्याने तिच्याविषयी अनेक समजुती वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. काहींमुळे फक्त माल बिघडतो, काहींमुळे माणसं दगावतात.

हिशेबासाठी एक साधं यंत्र समोर ठेवू. क्षमता ५ टन, हूक चढण्याचा वेग मिनिटाला ६ मीटर, वायररोपचे चार फॉल, ड्रमचा व्यास ३०० मिलिमीटर आणि मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची. चार फॉल असल्यामुळे हूक ६ मीटर चढायला ड्रमवर २४ मीटर रोप गुंडाळावा लागतो, म्हणजे ड्रमच्या साधारण साडेपंचवीस फेऱ्या. १,४४० वरून साडेपंचविसावर यायचं तर गिअरबॉक्सचं गुणोत्तर ५६ च्या थोडं वर लागतं. गिअरमधला तोटा धरून मोटरला पावणेसहा किलोवॅटच्या आसपास शक्ती पुरवावी लागते.

पहिली समजूत सगळ्यांत जास्त ऐकू येते: ‘स्लोवर टाका, सहा टनही उचलेल.’ गाडी घाटात पहिल्या गिअरवर चढते, तोच न्याय हॉईस्टला लावला जातो. बहुतेक दोन वेगांच्या हॉईस्टमध्ये ‘स्लो’चं बटण दाबल्यावर गिअर बदलतच नाही. मोटरच्या वाइंडिंगमधले पोल बदलतात. ५० हर्ट्झच्या विजेवर २ पोलची मोटर मिनिटाला जवळपास ३,००० फेऱ्या घेते, तीच १२ पोलवर जोडली की ५०० च्या खाली येते. वेग सहापट उतरतो, पण शाफ्टवरचा पीळ, म्हणजे टॉर्क, त्या प्रमाणात वाढत नाही. मोटरची शक्तीच तेवढी घटलेली असते.

आणि समजा खरोखरच हलका गिअर असलेली यंत्रणा आहे आणि मोटर सहा टन ओढू शकते. तरी हूक, रोप, ड्रम, ब्रेक आणि वरचा गर्डर पाच टनांचेच राहतात. वेग कमी केल्याने रोपची एक तारही जाड होत नाही. ‘टेस्टिंगला सव्वापट लोड लावला होता की,’ असंही कोणी म्हणतं. १२५ टक्क्यांची ती चाचणी जाणकाराच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळीच, यंत्र सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी असते. रोज वापरण्याची मुभा त्यातून मिळत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलयंत्रावर सुरक्षित भार ठळक लिहायला आणि बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून त्याची तपासणी करून घ्यायला सांगितलं. लिहिलेल्या त्या आकड्याखाली ‘स्लो’ आणि ‘फास्ट’ असे दोन रकाने नसतात.

गाडीशी तुलना करण्यात याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. गाडीचा गिअर बदलताना मध्ये न्यूट्रल येतो. त्या क्षणी इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, गाडी थोडी पुढे सरकते आणि काही बिघडत नाही. हवेत पाच टन टांगलेले असताना तेवढाच क्षण आला तर? ब्रेक सहसा मोटरच्या बाजूला असतो. मोटर आणि ड्रम यांच्यातला दुवा सुटला, की ब्रेकच्या हातात काहीच उरत नाही आणि ड्रम मोकळा फिरू लागतो. म्हणूनच सरकत्या गिअरचा दांडा असलेल्या विंचवर गिअर बदलण्यापूर्वी भार खाली टेकवायचा किंवा ड्रम स्वतंत्रपणे अडकवायचा, हा नियम आहे. तिथे ‘जरा पटकन बदलतो’ याला जागा नाही. उचलयंत्राच्या वेगबदलाची कोणतीही योजना समोर आली, की माझ्या मते पहिला प्रश्न एकच विचारावा: बदल होत असताना ओझं कोणाच्या हातात आहे?

याचं मला सगळ्यांत सुंदर वाटणारं उत्तर प्लॅनेटरी गिअरमध्ये आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. मध्यभागी सन गिअर, त्याच्याभोवती तीन प्लॅनेट आणि बाहेरून आतल्या दातांची रिंग. प्लॅनेट ज्या चौकटीवर बसवलेले असतात ती कॅरियर, आणि पुढे ड्रमकडे जाणारी गती तिच्यातून निघते. सन गिअरला मोठी मोटर जोडायची, रिंगला वर्म गिअरमार्फत छोटी मोटर जोडायची आणि दोन्ही मोटरींना आपापला ब्रेक द्यायचा. सन गिअरला २० दात आणि रिंगला ७० दात धरू. छोटी मोटर ब्रेकने थांबवली, की रिंग स्थिर राहते. मोठ्या मोटरच्या १,४४० फेऱ्यांना कॅरियर ३२० फेऱ्या घेते. हा झाला फास्ट. आता मोठी मोटर ब्रेकवर थांबवा आणि छोटी चालवा. ६० ला १ या वर्ममधून रिंग मिनिटाला २४ फेऱ्या घेते आणि कॅरियर जेमतेम १९. दोन वेगांत सतरापटीचा फरक पडला. आपल्या यंत्रात हूक सेकंदाला १० सेंटिमीटर जात होता, तो आता सेकंदाला ६ मिलिमीटर सरकतो. साचा बंद करायला हवा तो हाच वेग.

यात एकही दात दुसऱ्या दातापासून सुटत नाही. सगळे गिअर सदैव एकमेकांत गुंतलेले असतात. बदलतं एवढंच, की कोणतं टोक फिरतं आणि कोणतं रोखलेलं असतं. दोन्ही मोटरी एकदम चालवल्या तर गतींची बेरीज होते, उलट दिशेने चालवल्या तर वजाबाकी. वीज गेली तर दोन्ही ब्रेक स्प्रिंगने आपोआप आवळतात आणि ओझं जागच्या जागी थांबतं. भार क्षणभरही मोकळा सोडायचा नाही, ही अट पाळून वेग बदलण्याची ही युक्ती आहे. मात्र त्यासाठी दोन्ही ब्रेक सारखेच निरोगी लागतात. रिंगचा ब्रेक घसरू लागला, तर मोठ्या मोटरचा ब्रेक कितीही घट्ट असला तरी भार रिंगच्या वाटेने खाली येऊ लागतो. देखभालीत छोट्या मोटरच्या ब्रेकला दुय्यम समजलं जातं, ते म्हणूनच चुकीचं आहे.

ब्रेक मोटरच्या बाजूला का, ड्रमवर का नाही, हेही अनेकांना कोडं वाटतं. आपल्या यंत्रात ड्रमवर भाराचा पीळ सुमारे १,८४० न्यूटन-मीटर आहे. ५६ पट गिअरच्या पलीकडे मोटरच्या शाफ्टवर तोच चाळिशीच्या आत येतो, त्यामुळे तिथे छोटा ब्रेक पुरतो. शिवाय वेगाने फिरणारा रोटर थांबवणं हेच ब्रेकचं मोठं काम असतं. सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने जाणाऱ्या पाच टनांत गतिज ऊर्जा फक्त २५ ज्यूल असते, फिरणाऱ्या रोटरमध्ये ती कित्येक पट जास्त भरते. या मांडणीची उणीव मात्र उघड आहे. ब्रेक आणि ड्रम यांच्यामधला एखादा शाफ्ट किंवा कपलिंग तुटलं, तर ब्रेक असून नसल्यासारखा.

वितळलेला धातू वाहणाऱ्या क्रेनला एकाच ब्रेकवर सोडत नाहीत. दुसरा ब्रेक असतो, आणि बऱ्याचदा थेट ड्रमवर पकड घेणारा. १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या एका पोलाद कारखान्यात वितळलेल्या पोलादाची ३० टनांची लॅडल खाली कोसळली आणि पाळी बदलण्याच्या वेळी शेजारच्या खोलीत जमलेले ३२ जण मृत्युमुखी पडले. धातूच्या वाहतुकीसाठीची खास क्रेन तिथे नव्हती, साधीच क्रेन वापरली जात होती, हे चौकशीत पुढे आलं. ‘क्षमता तेवढीच आहे ना, मग कोणतीही क्रेन चालेल’ हे वाक्य ऐकलं की मला ती खोली आठवते.

वर्म गिअरविषयीची समजूत तर पुस्तकातूनच अर्धवट उचललेली असते. ‘वर्म उलटा फिरत नाही, त्यामुळे ब्रेक नसला तरी चालतं.’ वर्मच्या आट्यांचा कोन घर्षणाच्या कोनापेक्षा लहान असेल तरच तो स्वतःहून अडतो. घर्षणाचा गुणांक ०.१ धरला तर ही मर्यादा पावणेसहा अंशांच्या आसपास येते. चांगल्या तेलावर गुणांक ०.०५ झाला तर ती तीन अंशांच्या आत जाते. म्हणजे तेल बदललं, दात गुळगुळीत झाले किंवा शेजारी एखादं यंत्र थरथरत राहिलं, तर काल अडणारा वर्म आज हळूहळू सरकू शकतो. शिवाय जो वर्म खरोखर अडतो त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जात नाही. निम्म्याहून अधिक वीज उष्णतेत घालवून मिळणारी ही पकड भरवशाची नाही. वर्म असो वा नसो, ब्रेक हवाच.

स्लो स्पीड नसलेल्या हॉईस्टवर ऑपरेटर पेंडंटचं बटण टिचकीसारखं दाबत भार इंच-इंच उतरवतात. त्याला कौशल्य मानलं जातं, आणि ते आहेच. पण ‘यामुळे मोटर कमी चालते, म्हणून ती टिकते’ हे खरं नाही. सुरू होताना इंडक्शन मोटर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. प्रत्येक टिचकीला वाइंडिंग तापतं, पण पंख्याची हवा मिळण्याआधीच मोटर थांबते. ब्रेकचं लायनिंग घासतं, कॉन्टॅक्टरची टोकं जळतात, रोपला हिसका बसतो. क्रेनसाठीच्या मोटरला तासाला किती स्टार्ट सोसतील याची मर्यादा ठरवून दिलेली असते, ती याचसाठी. साचा बंद करण्यासारखं काम रोजचंच असेल, तर स्लो स्पीडचा खर्च चैनीचा म्हणता येणार नाही.

आता व्हीएफडी आली आहे, विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग हवा तसा ठेवणारी. तिच्यामुळे ‘गिअरचं काम संपलं’ असं म्हटलं जातं. वेग बदलण्याचं काम तिने बऱ्याच ठिकाणी हाती घेतलं आहे, हे खरं. हलक्या भाराला ५० हर्ट्झच्या वर नेऊन जास्त वेगही देता येतो. तिथे मोटरचा टॉर्क घटतो, म्हणून हे पूर्ण भाराला लागू नाही. पण वेग कमी करून टॉर्क वाढवणारा गिअरबॉक्स तिथेच राहतो. तो काढायचा तर मोटरलाच ड्रमचे १,८४० न्यूटन-मीटर पेलावे लागतील आणि मोटर अवाढव्य होईल. लिफ्टमध्ये गिअर नसलेली यंत्रं १९०३ पासून आहेत, पण तिथे दुसऱ्या बाजूला काउंटरवेट ओझ्याचा मोठा हिस्सा तोलून धरतं. हुकाला असा जोडीदार नसतो.

आणि व्हीएफडीलाही तोच जुना प्रश्न सुटत नाही. ब्रेक उघडण्यापूर्वी मोटरने पुरेसा टॉर्क उभा केला आहे, याची खात्री तिला करावी लागते. हॉईस्टसाठी बनलेल्या ड्राइव्हमध्ये ती सोय असते. कन्व्हेयर किंवा पंपासाठीची साधी ड्राइव्ह स्वस्त पडते म्हणून हॉईस्टला लावली, तर बटण दाबताच भार आधी खाली घसरतो आणि मग वर जातो. अगदी मंद वेगात मोटरच्या शाफ्टवरचा पंखाही मंदावतो, त्यामुळे तिथे वेगळा पंखा लागतो.

उरला उतरवण्याचा वेळ. ‘उतरवताना मोटरला आराम’ ही समजूत सहज पटते, कारण ओझं आपणहून खाली येऊ पाहतं. त्याला आवरण्याचं काम मात्र मोटरच करते. पूर्ण भार उतरत असताना इंडक्शन मोटर १,५०० च्या थोड्या वर फिरते, जनरेटर बनते आणि वीज परत लाइनमध्ये ढकलते. व्हीएफडी असेल तर ती वीज सहसा ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. तो रेझिस्टर तापलेला दिसला म्हणजे बिघाड झाला असं नाही.

यातूनच गिअरबॉक्स उघडल्यावर दिसणारी एक गोष्ट कळते. दातांची एकच बाजू चकाकलेली आणि झिजलेली असते, दुसरी जवळपास कोरी. ‘वर आणि खाली दोन्हीकडे फिरतो, मग एकच बाजू का झिजली? अलाइनमेंट गेली असणार,’ असं निदान लगेच होतं आणि बेअरिंग उगाच उचकटली जातात. गुरुत्वाकर्षण ड्रमला नेहमी एकाच दिशेने ओढतं. चढवताना मोटर त्याच्याविरुद्ध ढकलते, उतरवताना त्याच दिशेने अडवून धरते. त्यामुळे दोन्ही वेळा भार दाताच्या त्याच बाजूवर येतो. रिकामा हूक खाली सोडताना गिअरमधल्या घर्षणावर मात करण्यापुरती दुसरी बाजू टेकते, तेवढीच. अलाइनमेंटचा संशय घ्यायचा तर खूण वेगळी आहे: झीज दाताच्या पूर्ण रुंदीभर सारखी नसून एका टोकाला जास्त दिसते. झाकण उघडलं की आधी टॉर्च घेऊन प्रत्येक दाताची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहावी, पान्याला हात त्यानंतर घालावा.