घर्षण : घरातले, दारातले आणि घाटातले

महोत्सवी स्मरणिकेत ट्रस्टचा अहवाल, देणगीदारांची यादी आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी असाव्यात, हा रिवाजच आहे. त्या पंक्तीत पदार्थविज्ञानाचे पान कशाला मांडले, असे वाचक विचारतील. कारण साधे आहे. आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांना व न्हाणीघरांना नवी फरशी घालण्याचे घाटत आहे आणि दगड चकचकीत घ्यावा की खरखरीत, यावर सभासदांत दोन तट पडले आहेत. सौंदर्यदृष्टीवर पुष्कळ बोलून झाले. घर्षणाविषयी कोणी बोललेले आम्ही ऐकले नाही.

भिंतीशी उभे असलेले लाकडी कपाट हलवून पाहावे. प्रथम हळू रेटले तर ते जागचे हलत नाही. आपण पाच किलोचा रेटा दिला, तर जमीनही उलट दिशेने नेमका पाच किलोचाच रेटा देते. आपण दहाचा दिला, तर तीही दहाचा देते. या बरोबरीला मात्र एक मर्यादा असते. ती ओलांडली की कपाट एकदम सुटते, आणि मग ते सरकते ठेवण्यास आधीपेक्षा कमी जोर पुरतो. सुटण्यापूर्वीचे ते स्थितिक घर्षण व सुटल्यानंतरचे ते गतिक घर्षण. स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा गतिक घर्षणाहून सहसा जास्त असते, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे घाटात त्याची गरज लागणार आहे.

या विषयाचे पहिले नियम लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते, पण ते वह्यांतच राहिले. फ्रान्समध्ये आमोंताँ याने १६९९ मध्ये ते पुन्हा मांडले, आणि पुढे १७८५ मध्ये कुलोम याने त्यांना प्रयोगांची भरभक्कम जोड दिली. पहिला नियम कोणासही पटेल : वजन दुप्पट तर घर्षण दुप्पट. दुसरा मात्र चमत्कारिक वाटतो. तेच कपाट उभे सरकवा की आडवे पाडून सरकवा, तळ आणि पाठ एकाच लाकडाची असतील तर घर्षण तेवढेच. टेकणारी जागा वाढली म्हणून विरोध वाढत नाही!

याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. केंब्रिजच्या बाउडन व टेबर यांनी दाखवून दिले की, डोळ्यांना सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही थोड्या उंचवट्यांच्या टोकांवरच एकमेकांना भेटतात. वजन वाढले की ही टोके दबतात आणि खरी भेटीची जागा वाढते. कपाट आडवे पाडले तर टोके अधिक मिळतात, पण प्रत्येकावरचा भार तितकाच घटतो. बेरीज तीच राहते. या टोकांशी दोन्ही पदार्थ एकमेकांना चिकटतात, आणि ते चिकटणे तोडण्यास लागणारे बल म्हणजेच बहुतांशी घर्षण. केवळ खडबडीतपणामुळे घर्षण होते, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

घर्षणाला शत्रू मानण्याची चाल यंत्रवाल्यांनी पाडली. वंगणाचा खर्च त्यांना सोसावा लागतो, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. पण आपल्या घरातील आजीला विचारा. नऊवारी लुगड्याला टाका नाही, बटण नाही, नाडी नाही. निऱ्या, ओचा व कासोटा हे सारे कापडावर कापड दाबून जे घर्षण मिळते, त्याच्या भरवशावर दिवसभर टिकते. सुती लुगडे अंगावर बसते आणि रेशमी सारखे घसरते, हे तिला कुलोमवाचून ठाऊक असते. जाते गुळगुळीत झाले की दाणा नीट भरडत नाही, म्हणून त्याला टाकी लावून घेत. उलट मल्लखांबाला एरंडेल चोळतात, कारण कोरड्या लाकडावर कातडी सोलून निघेल. मात्र तेल बेताचेच, नाहीतर पकडच सुटायची. घर्षण कोठे वाढवावे आणि कोठे किती कमी करावे, याचा हा हिशेब आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

आता फरशी. चालताना आपण मागच्या पायाने जमीन मागे रेटतो व जमीन आपणांस पुढे ढकलते. पुढे टाकलेली टाच मात्र पुढेच निसटू पाहते आणि तिला घर्षण अडवते. पाऊल जितके लांब, तितका टाचेचा रेटा तिरका व घसरण्याचा संभव अधिक. ओल्या जागी म्हातारी माणसे लहान लहान पावले टाकतात, ती शास्त्राला धरूनच. चकचकीत दगड कोरडा असेतो सहसा दगा देत नाही. त्यावर पाणी आणि साबण पसरला की त्यांचा पातळ थर पाय व दगड यांच्यामध्ये शिरतो, टोकांची भेट होतच नाही आणि टाच अडवायला काही उरत नाही. खरखरीत दगडाच्या खाचांत ते पाणी उतरते आणि उंचवटे वर राहून पावलाला भेटतात. सत्तरीतल्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे घरावर काय प्रसंग येतो, हे आपल्यापैकी पुष्कळांस सांगावयास नको. आमचे मत खरखरीत दगडाच्या बाजूने आहे. तो पुसायला जड जातो ही तक्रार खरी आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे.

बेळगावहून कुलदैवताला गोव्यास जाणारी मंडळी चोर्ला घाटाने जातात, तीही बहुधा पावसाळ्यात सुट्टी साधून. पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ व सांडलेले तेल भिजून त्यांचा निसरडा लेप होतो. मोठ्या पावसाने तो धुऊन जातो, म्हणून पहिला पाऊस अधिक धोक्याचा. हिशेब असा : ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ७ मीटरांत थांबेल, ओल्या रस्त्यावर सुमारे १३. वेग दुप्पट, म्हणजे ७२ केला, तर हे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते : २९ आणि ५१ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर आणखी २० मीटर त्यात मिळवावे. उतारावर हे सारे आकडे वाढतात.

चाक फिरत असते तेव्हा टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो. तेथे स्थितिक घर्षण काम करते. ब्रेक करकचून दाबून चाक अडकले की टायर फरफटतो, घर्षण गतिक होते, म्हणजे कमी होते, आणि गाडी वळवताही येत नाही. चाक अडकू न देता ब्रेक क्षणोक्षणी सैल-घट्ट करणारी ए.बी.एस. ही योजना याच एका तत्त्वावर उभी आहे. १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना ती २०१९ पासून सक्तीची झाली.

टायरच्या खाचा मात्र पकड वाढवण्यासाठी असतात असे समजू नये. कोरड्या रस्त्यावर त्या नसल्या तरी चालते; त्या पाण्याला वाट करून देण्यासाठी असतात. या खाचांच्या तळाशी जागोजाग रबराचे बारीक उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे मोटारगाडीच्या बाबतीत खाच १.६ मिलिमीटर उरली, की तो बदलावा. हे पाहण्यास गाडीखाली शिरावे लागत नाही. अंगणात दोन मिनिटे ओणवे झाले तरी पुरते.