रोग मांडवावर, उपचार आंधळा

पावसाची झड चार-आठ दिवस लागून राहिली आणि मग उघडीप पडली, की वेलभाज्यांच्या मळ्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. कालपर्यंत हिरवागार असलेला काकडीचा मांडव आठवड्याच्या आत करपतो, पाने चुरगळतात आणि फळ धरण्याच्या ऐन मोसमात वेल उघडा पडतो. सुरत जिल्ह्यात ऊस आणि भात यांच्या जोडीला काकडी, दुधी, कारली, दोडकी, तोंडली आणि भोपळा यांची लागवड होते. उन्हाळ्यात कलिंगड आणि खरबूज यांची भर पडते. या पिकांवर पोट भरणारा शेतकरी बहुधा अल्पभूधारक असतो. त्याचा एक मोसम बुडाला, तर पुढचा मोसम कर्जावरच उभा राहतो.

या संकटाच्या वेळी तो करतो काय? औषधांच्या दुकानात जातो, ‘पाने पिवळी पडताहेत’ असे सांगतो आणि दुकानदार देईल ती बाटली घेऊन परततो. आमच्या मते खरे दुखणे येथेच आहे. निदान न करता औषध देणाऱ्या वैद्याला आपण भोंदू म्हणतो. पिकाच्या बाबतीत मात्र तोच प्रकार रीत म्हणून चालवून घेतो.

वस्तुतः या वेलांचे मुख्य रोग ओळखण्यास फार मोठी विद्या लागत नाही. पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी आखल्यासारखे कोनाकृती पिवळे डाग आणि सकाळच्या ओलीत खालच्या बाजूस करडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला, तर ती भुरी. दुपारी वेल मलूल होतो, रात्री सावरतो, दोन-चार दिवसांत कायमचा माना टाकतो आणि बुंधा चिरल्यास आत तपकिरी रेषा दिसतात, तर ती मर. केवड्याला पानावर साचलेली ओल हवी. भुरी कोरड्या, उबदार हवेतही फोफावते. मर जमिनीतून येते आणि जमिनीतच वर्षानुवर्षे दबा धरून बसते.

तिघांचे स्वभाव भिन्न, म्हणून उपायही भिन्न. केवड्याच्या बुरशीला शास्त्रज्ञ आता खऱ्या बुरशीत न धरता जलबुरशीच्या वर्गात घालतात. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखे सर्वत्र खपणारे औषध तिच्यावर चालत नाही. गंधक भुरीवर गुणकारी, केवड्यावर निरुपयोगी. शिवाय कडक उन्हात ते या कोवळ्या वेलांची पानेच भाजते. मॅन्कोझेब केवड्यास अटकाव करते, पण रोग येण्यापूर्वी किंवा अगदी आरंभी मारले तरच. मर लागलेल्या वेलावर तर कोणतीही फवारणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नावाचीही एक फसगत आहे. भेंडीच्या ज्या रोगाला आपण केवडा म्हणतो तो विषाणूचा असून पांढऱ्या माशीमुळे पसरतो. नाव एक म्हणून औषध एक, असे समजणाऱ्याचा पैसा आणि पीक दोन्ही जातात.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा आहे, असे शहरातील वाचकांनी समजू नये. काकडी आपण सालीसकट, कच्चीच खातो. उपवासाला ती चालते, कोशिंबिरीला ती लागते, कोकणात गणपतीच्या माटवीला ती टांगली जाते. भर मोसमात तिची तोडणी दर एक-दोन दिवसांनी होते. मग आज फवारलेले औषध उद्या कोणाच्या ताटात येते, हे सांगावयास नको. औषधाच्या वेष्टनावर फवारणी आणि तोडणी यांच्यातील दिवसांचे अंतर छापलेले असते. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती विनानिदान बाटली दिली, तर ते अंतर पाळले जाणे कठीणच.

औषधाआधीचे उपाय साधे आहेत. वेल मांडवावर चढवावेत, दोन वेलांत वारा खेळू द्यावा, पाणी पानांवर न शिंपता मुळाशी द्यावे, रोगट पाने शेतात न टाकता नष्ट करावीत, मर लागलेल्या जमिनीत काही वर्षे वेलवर्गीय पीक घेऊ नये. जपानमध्ये १९२० च्या दशकापासून कलिंगडाचे कलम भोपळावर्गीय खुंटावर बांधून मर टाळली जाते. बियाण्याचे मोलही आपण ओळखले पाहिजे. भुरीने कॅलिफोर्नियातील खरबुजाची शेती धोक्यात आणली, तेव्हा १९३० च्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी प्रतिकारशक्ती मिळवली ती भारतातून नेलेल्या खरबुजातून. अमेरिकी काकडीला केवड्यापासून कित्येक दशके वाचवणारा गुणही भारतीय वाणाचाच होता. २००४ साली रोगाच्या नव्या रूपाने तो भेदला. ज्या गावठी वेलांना आपण कुचकामी ठरवतो, त्यांच्यात केवढे धन दडले आहे!

तथापि एकट्याने केलेला उपाय अपुराच पडतो. केवड्याचे बीजाणू वाऱ्यावर जातात. त्यांना बांध ठाऊक नसतो. शेजाऱ्याने वाळता मांडव तसाच उभा ठेवला, तर दक्ष शेतकऱ्याचाही मळा सुटत नाही. याच जिल्ह्यातील बारडोलीने १९२८ साली २२ टक्के सारावाढीविरुद्ध गावेच्या गावे एक करून दाखवली. त्या मातीला एकजुटीचा धडा आम्ही वेगळा शिकवावा असे नाही. गावाने एका दिवशी जुने वेल उपटून नष्ट करणे, हे त्याहून कितीतरी सोपे काम आहे.

शासनाचेही कर्तव्य आहे. नवसारी कृषि विद्यापीठ २००४ पासून स्वतंत्रपणे उभे आहे, कृषि विज्ञान केंद्रे आहेत. ज्ञानाची वाण नाही. ते ज्ञान शेतकरी रोज जेथे येतो तेथे, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, पोहोचले पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने तेथे एक जाणकार बसावा, शेतकऱ्याने रोगट पान दाखवावे आणि रोगाचे नाव, औषध व तोडणीचे अंतर हे तिन्ही कागदावर लिहून घेऊन जावे. खर्च थोडा, लाभ मोठा. आधी निदान, मग औषध, हा नियम माणसाला लागू आहे. त्याला पोसणाऱ्या वेलालाही तो लागू व्हावा, एवढीच आमची मागणी आहे.